रिकाम्या आसनाचा होकार

१

आमच्या गावाचं नाव केदातोन, म्हणजे राजवाडा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! राजवाड्यातलं उरलंय काय, तर चहाच्या मळ्याच्या वरच्या अंगाला अकरा दगडी पायऱ्या, त्यांच्या माथ्यावर एक चौकोनी ओटा आणि ओट्यावर शेवाळ. राजा कोण होता, लावू नावाच्या डोंगराच्या कुठल्या बाजूने वर गेला आणि परत का आला नाही, हे विचारलंत तर घरागणिक वेगळं उत्तर मिळेल आणि वर भांडण मिळेल. पण आपापला हुद्दा मात्र कुणी विसरलेलं नाही. म्बाह केर्तो, म्हणजे आमच्या गावाचे आजोबा, विड्याचं तबक धरणाऱ्यांच्या घरातले. शेजारची पोनियाह छत्रीवाल्यांची. तिच्या घरात छत्री नाही, पाऊस आला की माझी मागून नेते. आणि मी, वागियेम, चटईवाल्यांची.

दर पस्तीस दिवसांनी मंगळवार आणि आमच्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला क्लिवोन हे दोन वार एकत्र येतात. त्या सकाळी मी केवड्याच्या पातीची चटई खांद्यावर घेऊन वर जाते, ओटा पुसते आणि चटई अंथरते; तेच राजाचं रिकामं आसन. मग गाव पायऱ्यांखाली मान खाली घालून बसतं. वर बघायचं नाही, ही एकच शिस्त. मला तेवढी वरच्या पायरीवर जागा आहे, चटईच्या डाव्या कोपऱ्याशी. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेवर हात ठेवून बसायचं. एकतीस वर्षं मी तो हात ठेवते आहे.

म्बाह केर्तो माझ्या खालच्या पायरीवर बसून एकेकाचा अर्ज मोठ्याने सांगतात आणि पाण्याने भरलेल्या घंगाळात करवंटी सोडतात. करवंटीच्या बुडाला बारीक भोक आहे. ती भरून बुडेपर्यंत आसनाने काही म्हटलं नाही, तर अर्ज मंजूर. मौन म्हणजे होकार. आणि आसन आजपर्यंत कधी काही बोललेलं नाही. त्यामुळे आमच्या गावात सगळंच मंजूर आहे. भावकीच्या भिंतीला टेकवून बांधलेला गोठा मंजूर, पहाटे साडेचारला आरवणारा कोंबडा मंजूर, पोनियाहच्या नवऱ्याचा कर्णाही मंजूर. एवढा दयाळू राजा साऱ्या जावा बेटात सापडायचा नाही.

२

त्या खेपेला दरबार लवकर आटोपला. तीनच अर्ज होते. लोक जादाह खायला पळाले, म्हणजे चिकट भाताच्या भाजलेल्या वड्या, त्या गार झाल्या की दगड होतात. मी ओट्यावर चढून चटई गुंडाळायला घेतली आणि मधोमध हात थांबला.

चटई कोमट होती.

सगळी नाही. एक माणूस मांडी घालून बसेल तेवढीच जागा. तिथली पाती जराशी दबलेलीही होती. मी आधी आभाळाकडे पाहिलं, पण सकाळपासून धुकं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. मग दगडाला हात लावला. दगड असा गार की बोटं आखडली. मांजर बसलं असेल, म्हटलं. मांजर मांडी घालून बसत नाही हेही मला ठाऊक होतं, पण भूक लागली होती.

"काय गं यू वागी, चटईशी गप्पा चालल्यात का?" खालून पोनियाह ओरडली. वयाने मी मोठी म्हणून ती मला 'यू' म्हणते, ताई म्हणावं तसं. बाकी मान कसला देत नाही.

"तुझ्यापेक्षा बरं ऐकते ती," मी म्हटलं आणि चटई बांधली. त्या दिवशी मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी दुसरी एक गोष्ट माझ्याकडे होती, आणि तीच मला पुरत होती.

३

ती गोष्ट म्हणजे गियार्तो. गाजरं आणि कांद्याची पात भरून बाजारगावी नेणारा ट्रकवाला. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुली आपापल्या घरी. मला विधवा होऊन सात वर्षं झाली आणि पोटी मूल नाही. हा माणूस माझ्या दारात गाजरं मोजता मोजता मला हसवायचा. हसता हसता एक दिवस म्हणाला, "वागी, खाली चल. माझ्या घरात तीन खोल्या आहेत आणि तिन्हींत मी एकटाच घोरतो."

बावन्नाव्या वर्षी माणूस लाजू शकतं हे मला तेव्हा कळलं. मी हो म्हणाले.

आता केदातोन सोडायचं तर आसनाची परवानगी हवी. पोलीस येऊन धरत नाहीत, पण परवानगीशिवाय कुणी गेलेलं नाही, आणि एकतीस वर्षं जिने चटई धरली तिने चोरासारखं निघून जावं हे मलाच पटेना. शिवाय घाई होती. सुरो महिना जवळ आला होता. सुरोत आमच्याकडे कुणी लग्न करत नाही, आणि तो ओलांडला की गियार्तोच्या मुली काय नवे फाटे फोडतील याचा नेम नव्हता. सुरोआधी दोनच दरबार होते.

पहिल्या दरबारात म्बाह केर्तोंनी खणखणीत आवाजात सांगितलं, "चटईवाली वागियेम लग्न करून खाली जाऊ म्हणते. चटई पोनियाहकडे देऊ म्हणते." खाली बायकांत खसखस पिकली. करवंटी पाण्यात सोडली.

करवंटी तरंगली.

करवंटी बुडेपर्यंत नेहमी चहाचा एक पेला संपतो. पेला संपला, दुसराही संपला. कुणाचं तरी पोर रडून रडून झोपलं. करवंटी आपली घंगाळात संथ फिरत होती.

"भोक बुजलं असेल," पोनियाह म्हणाली.

म्बाह केर्तोंनी करवंटी काढून फुंकली, उजेडासमोर धरली. भोक साफ. परीक्षा म्हणून पोनियाहच्या शेळीच्या गोठ्याचा अर्ज सांगितला. करवंटी नेहमीसारखी 'डुब' करून गेली. पुन्हा माझा अर्ज. पुन्हा तरंगली. आता मी वरून वाकून पाहत होते. भोकातून पाणी आत येत होतं, नखभर चढत होतं आणि तिथेच थांबत होतं.

पण खाली बघते तर काय, गाव खुशीत! म्बाह केर्तोंचे डोळे भरून आले होते. "आले रे," ते म्हणाले, "इतक्या पिढ्यांनी आले. नाही म्हटलेलं नाही, बरं का. विचार करतायत." कुणी विडा ठेवायला धावलं, कुणी केळी आणायला. पोनियाहने तर कर्णा लावायचा का म्हणून विचारलं.

"तुमचा राजा आला आणि माझं घोडं अडलं," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, कारण एकटीने रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

चटई गुंडाळताना मी मधोमध हात फिरवला. गार. मग कोपऱ्याकडे सरकवत आणला. कोमट जागा या खेपेला माझ्या बसण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर होती.

४

मला भुताखेतांचं वेड नाही. मी चहाच्या कारखान्यात बावीस वर्षं पानं वाळवली आहेत, तिथे काटा काय दाखवतो ते खरं. म्हणून दुसऱ्या दिवशी म्बाह केर्तोंकडून करवंटी मागून आणली आणि भरदुपारी स्वयंपाकघरात बसले. बादलीत पाणी घेतलं, करवंटी सोडली. बुडाली. नळाच्या पाण्यात बुडाली, झऱ्याच्या पाण्यात बुडाली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच अर्जही म्हटला, "वागियेम खाली जाऊ म्हणते." बुडाली! नऊ वेळा सोडली, नऊ वेळा बुडाली. ओट्यावरचा दमट वारा, घंगाळाचं तिरपं बूड, काहीतरी कारण निघणारच, असं म्हणत मी चुलीवर चहा ठेवला. मन असं हलकं झालं की गुणगुणायलाही लागले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

केवड्याच्या चटईवर माणूस बसतं तेव्हा ती करकरते. पाय बदलला की पुन्हा करकरते. तो आवाज मी एकतीस वर्षं ऐकत आले आहे, त्यात माझी चूक व्हायची नाही. कुणीतरी बराच वेळ एका पायावर भार देऊन बसलं होतं आणि आता दुसऱ्यावर दिला होता.

चहा उतू गेला तरी मी उठले नाही. शेवटी उठले ती हातात उलथणं घेऊन. राजाला उलथण्याने काय करणार होते कोण जाणे. खोलीत माझी खाट, पत्र्याची पेटी, कोपऱ्यात चटई. चटई उभी होती, गुंडाळलेली, माझ्याच गाठीने बांधलेली. खिडकी बंद. खोलीला केवड्याचा वास येत होता, तो नेहमीच येतो.

मी दाराच्या चौकटीत उभी राहून म्हटलं, "चहा घेणार का?"

का म्हटलं ते सांगता येणार नाही. आमच्याकडे घरात कुणी बसलेलं असलं तर विचारतात, म्हणून म्हटलं. उत्तर आलं नाही. मग मला आठवलं की आमच्या गावात उत्तर न येणं म्हणजे काय, आणि मी उलथणं टाकून पोनियाहच्या घरी गेले. संध्याकाळपर्यंत तिच्या भेंड्या चिरत बसले.

५

गियार्तोला मी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसलाच, आधी पोटभर. मग ट्रकच्या पायरीवर बसून डोकं खाजवत म्हणाला, "वागी, मला एक सांग. मी तुझी मागणी कुणाकडे घातली?"

"माझ्याकडे."

"आणि तुझे वडील असते तर?"

"तर त्यांच्याकडे. पण ते जाऊन वीस वर्षं झाली. भाऊ नाही, काका नाही."

"मग तिथे वर जे कोण बसलंय, त्यांना काय वाटत असेल? एकतीस वर्षं पोरगी शेजारी बसते. एक दिवस आजोबा उठून सांगतात, ही चालली. कुणाबरोबर, कसला माणूस, दारू पितो का, काही नाही. मी सुद्धा माझ्या मुलींच्या वेळी गप्प बसलो होतो. होकार नव्हता तो."

"मग काय होतं?"

"रुसवा होता," गियार्तो म्हणाला.

आमच्या साऱ्या गावाला इतक्या पिढ्यांत जे सुचलं नाही ते गाजराच्या ट्रकवाल्याला सुचलं. आम्ही फक्त करवंटी बुडायची वाट बघत होतो. आसनाला खरोखर कुणी काही विचारलंच नव्हतं.

सुरोआधीच्या शेवटच्या मंगळवार-क्लिवोनला गियार्तो आला. इस्त्रीचा बाटिकचा सदरा, डोक्यावर काळी टोपी, ट्रकच्या मागे गाजरांच्या जागी मागणीचं सामान: राजा जातीच्या केळ्यांचे दोन घड, विड्याची पानं, जादाह, साखरभाताच्या वड्या, माझ्यासाठी लुगडं. पायऱ्यांखाली गुडघे टेकून त्याने हात जोडले. सांगायचं ते सगळं सांगितलं.

"मी गियार्तो. ट्रक चालवतो. ट्रक माझा आहे. दारू पीत नाही, विडी पितो, ती सोडेन. तुमच्या वागीला मागायला आलोय. तिला उपाशी ठेवणार नाही आणि रडवणार नाही. घोरतो, ते तिला सांगितलंय. तुम्ही द्याल तरच नेईन."

म्बाह केर्तोंनी करवंटी पाण्यावर टेकवली, आणि हात काढायच्या आत ती बुडाली. भरायला वेळच नव्हता. पाणी आत आलेलं मी पाहिलं नाही. बोटाने दाबावी तशी ती खाली गेली आणि घंगाळाच्या तळाला टण्ण करून लागली.

गावाने जो गलका केला! म्हातारे नाचले. पोनियाहने मला मिठी मारली आणि त्याच मिठीत चटईची कड आपल्याकडे ओढली. माझा हात तोवर कडेवरच होता. करंगळीला काहीतरी टेकलेलं होतं, कोमट, कापडासारखं. मी हात काढून घेतला. आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

"आता एक आहे," म्बाह केर्तो म्हणाले. "मुलीच्या बापाचा मान त्यांचा. लग्नात त्यांची खुर्ची ठेवावी लागेल."

"ठेवू की," गियार्तो म्हणाला. "खुर्चीचं काय एवढं?"

६

लग्न पाच दिवसांनी, सकाळी दहाला, शाळेच्या पटांगणात. मांडवाला पिवळ्या झावळ्या, कर्णा पोनियाहच्या नवऱ्याचा, ऊन लख्ख. आम्ही मुसलमान, म्हणून निकाह लावायला आलेले सरकारी अधिकारी घाईत होते, त्यांना अजून दोन लग्नं उरकायची होती. मी भुवया कोरून, केसांत मोगरा माळून बसले होते आणि पोनियाह दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "अगदी तिशीतली दिसतेस हो, लांबून."

सह्या झाल्या. मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं. आमच्यात नवरी गुडघ्यांवर बसते आणि खुर्चीत बसलेल्या बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकते. खुर्ची सागवानी, वर पिवळं कापड, रिकामी. लोक कौतुकाने बघत होते. मोबाइल वर झाले होते. मी ठरवलं होतं, खुर्चीच्या कडेला कपाळ लावायचं आणि उठायचं, उगाच नाटक लांबवायचं नाही.

मी वाकले. खुर्चीची कड लागलीच नाही. कपाळ त्याच्या कितीतरी आधी टेकलं.

गुडघा होता. हाडकुळा, जाड विणीच्या कापडाखाली, कोमट. जरासा थरथरत होता, फार चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा थरथरावा तसा. मी डोळे मिटून घेतले. आमच्या गावाची एकच शिस्त आहे आणि ती त्या वेळी मी जीव मुठीत धरून पाळली. मग डोक्यावर हात आला. मोगऱ्याला धक्का लागू नये म्हणून बेताने ठेवलेला. माझ्या खऱ्या बापाने एवढं सांभाळून कधी हात ठेवला नव्हता. मला रडू फुटलं.

"जाऊ द्या ना मला," मी पुटपुटले.

हात तिथेच राहिला.

"यू वागी, ऊठ आता," मागून पोनियाह कुजबुजली. "फोटो झाले. भात गार होतोय."

"उठते," मी म्हटलं. उठता येत नव्हतं. कोणी दाबत नव्हतं, पण हात होता आणि तो असताना उठायचं कसं? कर्ण्यावरचं एक पूर्ण गाणं संपलं. मग हात हलकेच निघाला, आणि मी उठले तेव्हा समोर पिवळं कापड होतं, ऊन होतं आणि रिकामी खुर्ची होती.

आता गियार्तोची पाळी. तो लोकांकडे बघून डोळे मिचकावत, हात चोळत पुढे आला. "सासरेबुवा, आशीर्वाद द्या," असं मोठ्याने म्हणून वाकला. लोक हसले. तो हसत होता तो मध्येच थांबला. त्याची पाठ मला दिसत होती. सदऱ्याखाली दोन्ही खांदे वर चढले आणि तसेच राहिले. बराच वेळ त्याने मान डोलावली, कुणी काही सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं तशी.

उठला तेव्हा चेहरा पांढरा होता. पण मला बघून हसला. माझ्यासाठी हसला, हे मला कळलं आणि तो माणूस मला तेव्हा पुरता आवडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जेवू या," तो म्हणाला.

७

दुपारी निघालो. पोनियाहने माझ्यासमोर चटई ओट्यावर अंथरून दाखवली, कोपरे जुळवले, हात फिरवला आणि नाक मुरडलं. "बर्फ आहे नुसता. तुला काय कोमट लागत होतं कोण जाणे." म्बाह केर्तोंनी जाता जाता हौस म्हणून एक अर्ज घातला, मशिदीच्या वाटेवर दिवा लावू का म्हणून. चहाचा एक पेला संपेपर्यंत करवंटी बुडाली. कुणी काही बोललं नाही. मंजूर.

माझी पेटी, दोन उशा, एक कोंबडी, उरलेली केळी, सगळं ट्रकमध्ये चढलं. सगळं गाव वाटेच्या कडेला उभं राहून हात हलवत होतं. म्हाताऱ्या रडत होत्या, पोरं चाकांमागे धावत होती. मला हलकं हलकं वाटत होतं. सुटले, असं मनात आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी चटईच्या कडेची काळजी न करता बसले होते. मी केबिनमध्ये गियार्तोच्या अंगाला अंग लावून बसले. लाज कशाला, आता नवरा होता तो.

चहाचे मळे मागे पडले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. एरवी वळणावळणाला कर्कश्श भोंगा वाजवणारा आणि बेसूर गाणारा माणूस गप्प होता. गिअर बदलताना हात आखडून घेत होता.

"बोल की काहीतरी," मी म्हटलं. "काय म्हणाले ते तुला? मान काय डोलावत होतास?"

गियार्तोने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"वागी," तो हळूच म्हणाला, "जरा खिडकीकडे सरक."

"का? मी नको का झाले एवढ्यात?"

"तसं नाही गं," तो म्हणाला. "त्यांचे पाय लांब आहेत."

मी सरकले.